आयडेंटिटी मॅप पुसला तरी जुना पत्ता चालतोच कसा? बूट होताना टीएलबीत राहणाऱ्या शिळ्या एंट्रीजबद्दल

तुमचा प्रश्न मला असा कळला: एक्स८६-६४ वर स्वतःचा कर्नल लिहिताय, कर्नल ॲड्रेस स्पेसच्या वरच्या अर्ध्यात बसवलाय, चालू होताना खालची मेमरी आयडेंटिटी मॅप (म्हणजे व्हर्च्युअल आणि फिजिकल पत्ता एकच) करून घेतली, वर उडी मारली, मग पीएमएल४ ची, म्हणजे सगळ्यात वरच्या पेज टेबलाची, पहिली एंट्री पुसून सीआर३ (त्या टेबलाचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) परत लोड केला, आणि तरी नल पॉइंटर वाचला तर खऱ्या मशीनवर पेज फॉल्ट कधी येतो कधी येत नाही, क्यूएमयू या एम्युलेटरवर मात्र दर वेळी येतो. आणि शेवटी विचारलंय की मग एक एक एंट्री बदलली की पूर्ण टीएलबी (सीपीयूने पत्त्यांची ट्रान्सलेशन्स लक्षात ठेवायची जागा) फ्लश, म्हणजे रिकामा, करत बसायचं का.

मी बरीच वर्षं बूट कोड आणि नवीन बोर्ड उठवायचंच काम करतोय आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात सारखा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा बग. तुमच्या पेज एंट्रीजमध्ये बहुतेक ग्लोबल बिट लावलाय, शून्यापासून मोजलं तर आठवा, आणि सीआर४ या कंट्रोल रजिस्टरमधला पीजीई बिट, म्हणजे ग्लोबल पेजेसची सोय, चालू आहे. पेंटियम प्रोपासून ही सोय आली ती अशासाठी की प्रोसेस बदलली, सीआर३ बदलला, तरी कर्नलची मॅपिंग्ज टीएलबीतून उडू नयेत. म्हणजे सीआर३ लिहिल्यावर ग्लोबल नसलेल्या एंट्रीज जातात आणि ग्लोबल तशाच राहतात, हार्डवेअर इथे अगदी नियमाप्रमाणे वागतंय. कर्नल पेजसाठी एकच फ्लॅग्जचा कॉन्स्टंट करून तो आयडेंटिटी मॅपलाही वापरला की हे होतंच, मीही केलेलं आहे. दुसरी शक्यता अशी की एंट्री तुमची नाहीच, फर्मवेअरची आहे. यूईएफआय फर्मवेअर तुम्हाला कंट्रोल देतं तेव्हा सीपीयू ६४-बिट लाँग मोडमध्ये असतो, पेजिंग चालू असतं आणि मेमरी आयडेंटिटी मॅप केलेली असते, त्या टेबलांत ग्लोबल बिट होता का नव्हता हे तुमच्या हातात नाही. उपाय दोन्हीला एकच आहे, सीआर४ वाचा, पीजीई बिट उलटा करून लिहा, मग मूळ किंमत परत लिहा. पीजीई बदलला की ग्लोबलसकट सगळं जातं. पुढे लागणार असेल तर पीजीई चालूच ठेवा, पण हा उलट-सुलट प्रकार सीआर३ बदलल्याच्या नंतर करा, आधी नको, कारण आधी केलात तर मधल्या काही इन्स्ट्रक्शन्समध्ये सीपीयू जुन्या टेबलातून परत भरून घेऊ शकतो.

क्यूएमयूवर दिसत नाही त्याचं कारण साधं आहे. केव्हीएमशिवाय, म्हणजे हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन न वापरता, चालवलं तर तिथला टीएलबी सॉफ्टवेअरचा असतो आणि सीआर३ लिहिला की तो सगळाच्या सगळा रिकामा केला जातो, ग्लोबल-बिग्लोबल काही बघत नाही. म्हणजे तुमच्या बगला तिथे जागाच मिळत नाही. केव्हीएम लावून चालवलं तर खरा टीएलबी वापरला जातो, मग दिसायची शक्यता आहे. तेव्हा टीएलबीच्या बाबतीत 'क्यूएमयूवर चालतंय' याला पुरावा म्हणून काही वजन नाही एवढं आत्ताच पक्कं करून ठेवा.

आता मोठा प्रश्न, फ्लश कधी करायचा. यात बहुतेक जण अडतात ते एका चुकीच्या वाक्यामुळे, 'तो पत्ता मी कधी वापरलाच नाही, मग टीएलबीत येईल कसा?' येतो. सीपीयू स्पेक्युलेटिव्हली, म्हणजे अंदाजाने आधीच, पुढचं वाचतो, प्रीफेच करतो, ब्रांचचा अंदाज चुकला तरी त्या चुकलेल्या वाटेवरचे पत्ते ट्रान्सलेट करून ठेवतो, आणि एकदा भरलेली एंट्री अंदाज चुकला म्हणून परत काढून टाकत नाही. त्यामुळे तुमच्या कोडने काय वाचलं यावरून टीएलबीत काय आहे हे ठरवताच येत नाही. मी डोक्यात उलटा हिशेब ठेवतो: शेवटचा पूर्ण फ्लश झाल्यापासून आत्तापर्यंत पेज टेबलांनी ज्या ज्या क्षणी जे जे मॅपिंग दाखवलं, त्यातलं कुठलंही आत्ता टीएलबीत असू शकतं, आणि कुठलंही नसू शकतं. दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत बरं का. 'असू शकतं' विसरलात तर शिळी एंट्री चावते, आणि 'नसू शकतं' विसरलात तर जुनी एंट्री अजून असेल या भरवशावर चाललेला कोड मधेच फॉल्ट होऊन पडतो, आणि एक्सेप्शन टेबल अजून नीट लावलेलं नसेल तर ट्रिपल फॉल्ट होऊन मशीन सरळ रीसेट.

हा हिशेब धरला की 'दर वेळी फ्लश' ची गरज आपोआप कमी होते. एक्स८६ वर प्रेझेंट बिट शून्य असलेली एंट्री टीएलबीत ठेवलीच जात नाही. म्हणजे रिकाम्या जागी नवीन पेज मॅप केलं, तर तिथलं आधीचं मॅपिंग व्यवस्थित फ्लश झालेलं असेल तर परत फ्लश लागत नाही. बूटमधलं नव्वद टक्के काम हेच असतं, रिकाम्या टेबलात भर घालणं. तिथे फ्लश पेरून काही मिळत नाही, फक्त बूट हळू होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे जिथे खरंच हवा होता तिथला विसरलेला फ्लश शेजारच्या फालतू फ्लशमुळे झाकला जातो, मग वर्षभराने कोणीतरी तो फालतू म्हणून काढतो आणि भलतीकडेच काहीतरी मोडतं. मी असे दोन-तीन बग अक्षरशः गिट बायसेक्टने शोधलेत आणि दर वेळी दोषी ठरलेला बदल निर्दोष होता.

फ्लश लागतो तो काढताना, पत्ता बदलताना, परवानगी कमी करताना आणि पेजचा आकार बदलताना. बूटमध्ये या चार गोष्टी ठरलेल्या काही जागीच होतात.

पहिली जागा म्हणजे फर्मवेअर किंवा बूटलोडरकडून स्वतःच्या टेबलांवर येणं, त्याबद्दल वर लिहिलंच. लिनक्समध्येसुद्धा ६४-बिट सुरुवातीच्या असेंब्लीत सीआर३ लिहिल्याबरोबर लगेच पीजीई उलटा-सुलटा करतात, आणि तो कोड बूट सीपीयू आणि नंतर उठणारे सीपीयू दोघांसाठी सामायिक आहे. सी कोडमध्ये शिरल्यावर परत एकदा ग्लोबल फ्लश आहे, ट्रॅम्पोलिनच्या (सुरुवातीला उडी मारण्यापुरत्या कोडच्या) टेबलातून काही उरलं असेल तर ते जावं म्हणून. त्याच्या शेजारी एक टिप्पणी आहे ती नवीन माणसाने जरूर वाचावी, हा फ्लश कासानची (कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाची) सुरुवात झाल्यानंतरच करायला हवा, कारण कासान लावून बिल्ड केलं तर सीआर४ लिहिणारं फंक्शनसुद्धा त्याच्या तपासणीखाली येतं. म्हणजे फ्लश करायलासुद्धा आधी काहीतरी तयार असावं लागतं. तुमच्याकडेही हे होईल: फ्लशचं फंक्शन सीआर४ ची प्रत पर-सीपीयू (प्रत्येक सीपीयूच्या स्वतःच्या) जागेतून वाचत असेल आणि ती जागा अजून लागलेलीच नसेल, तर फ्लशच फॉल्ट करेल. म्हणून बूटसाठी एक वेगळं, फक्त रजिस्टरवर चालणारं, कशावरही न विसंबणारं लोकल फ्लश लिहून ठेवा. तसंच नेहमीचं 'सगळ्या सीपीयूंवर फ्लश करा' वालं फंक्शन इतक्या लवकर बोलवू नका, ते आयपीआय (दुसऱ्या सीपीयूंना द्यायचं इंटरप्ट) पाठवून उत्तराची वाट बघतं आणि उत्तर द्यायला कोणीच उठलेलं नसतं.

दुसरी जागा आयडेंटिटी मॅप काढणं. इथे क्रम बघा. आधी कोड वरच्या पत्त्यावर गेला पाहिजे, नुसता इन्स्ट्रक्शन पॉइंटर नाही, स्टॅक पॉइंटर, जीडीटीआर, आयडीटीआर (सेगमेंट आणि इंटरप्टच्या टेबलांचे पत्ते) सगळं. जीडीटीचा बेस खालचा पत्ताच राहिला तर मॅप काढल्यावर लगेच काही होत नाही, कारण सेगमेंटची माहिती सीपीयूच्या आत आधीच भरलेली असते, पण पहिलं इंटरप्ट आलं आणि कोड सेगमेंट परत लोड व्हायची वेळ आली की तो पत्ता सापडत नाही. आणि शिळी टीएलबी एंट्री असेल तर तेव्हाही सापडतो! मग हा बग कित्येक दिवस झोपून राहतो आणि तुम्ही फ्लश नीट केलात त्या दिवशी जागा होतो, आणि माणूस म्हणतो फ्लशने मोडलं, फ्लश काढून टाका. नका काढू. फ्लशने बग तयार केला नाही, उघडा केला.

तिसरी जागा तात्पुरत्या मॅपिंगच्या खाचा, ज्याला लिनक्समध्ये फिक्समॅप आणि अर्ली आयओरीमॅप म्हणतात, ठरलेले मोजके व्हर्च्युअल पत्ते आणि त्यांवर आळीपाळीने वेगवेगळी फिजिकल पेजेस लावायची. एकच पत्ता, मिनिटा-मिनिटाला वेगळा अर्थ, शिळ्या एंट्रीला यापेक्षा चांगली जागा नाही. एका कामात मी एसीपीआयची (फर्मवेअर हार्डवेअरची माहिती देतं ती) टेबलं वाचणारा कोड लिहिला होता. टेबलाचा ३६ बाइटचा हेडर मॅप करायचा, लांबी बघायची, अनमॅप, मग पुढचं टेबल त्याच खाचेत. अनमॅपमध्ये मी एंट्री शून्य करत होतो पण इन्व्हएलपीजी (एका पत्त्याची टीएलबी एंट्री काढणारी इन्स्ट्रक्शन) विसरलो होतो. मला वाटलं होतं की मधे एंट्री शून्य झाली म्हणजे सीपीयूला कळेल. सीपीयूला नाही कळत, त्याने आधीच उचललेली प्रत त्याच्याकडे असते आणि टेबलात तुम्ही काय लिहिताय याकडे त्याचं लक्ष नसतं. परिणाम असा की दुसरं टेबल वाचायला गेलो की पहिलंच परत मिळायचं. आणि चेकसम बरोबर! कारण डेटा खराब नव्हता, खराखुरा होता, फक्त दुसऱ्याचा होता. मी दोन दिवस पार्सरमध्ये शोधत बसलो. लॉगमध्ये एकाच सहीचं टेबल दोनदा आलेलं दिसत होतं आणि मला वाटत होतं फर्मवेअरनेच दोनदा दिलंय. तेव्हापासून खाचेच्या मॅप आणि अनमॅप दोन्हीत इन्व्हएलपीजी टाकतो, एकाच पत्त्याचं काम आहे, ग्लोबल एंट्रीही काढतं, खर्च किरकोळ.

पण इन्व्हएलपीजीवर डोळे झाकून विसंबू नका, एक अपवाद सांगून ठेवतो. इंटेलच्या ऑल्डर लेक, रॅप्टर लेक वगैरे काही प्रोसेसरवर पीसीआयडी (टीएलबी एंट्रीजवर ॲड्रेस स्पेसचा क्रमांक लावायची सोय) चालू असताना इन्व्हएलपीजी ग्लोबल एंट्रीज काढत नाही असं निघालं आणि २०२३ मध्ये लिनक्सने त्या प्रोसेसरवर पीसीआयडीच बंद केलं. त्यामुळे माझा सल्ला असा की बूट पूर्ण होईपर्यंत पीसीआयडीच्या वाटेला जाऊ नका. ते चालू करताना लाँग मोड हवा आणि सीआर३ चे खालचे १२ बिट शून्य हवेत, नाहीतर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो, आणि चालू झाल्यावर सीआर३ चा ६३वा बिट १ असेल तर ते लिहिणं फ्लश करतच नाही. म्हणजे 'सीआर३ लिहिला म्हणजे फ्लश झाला' हा तुमच्या सगळ्या बूट कोडचा पाया त्या दिवशी बदलतो.

चौथी जागा मला सगळ्यात जास्त छळलेली आहे, तात्पुरत्या पेज टेबलांची मेमरी परत देणं. सगळे टीएलबी म्हटलं की शेवटच्या एंट्रीचाच विचार करतात, पण सीपीयू मधल्या पातळ्यांच्या एंट्रीजही लक्षात ठेवतो, म्हणजे 'या भागाचं पुढचं टेबल अमुक फिजिकल पेजवर आहे' एवढंच. समजा तुम्ही सुरुवातीची टेबलं काढून त्यांची पेजेस ॲलोकेटरला दिलीत आणि फ्लश नंतर कधीतरी होणार आहे. मधल्या वेळात ते पेज कोणीतरी घेतलं, त्यात स्वतःचा डेटा लिहिला. इकडे सीपीयू कुठल्यातरी स्पेक्युलेटिव्ह वाचनासाठी लक्षात ठेवलेल्या मधल्या एंट्रीवरून थेट त्या पेजवर जातो आणि तो डेटा पेज टेबल एंट्री म्हणून वाचतो. सगळ्यात खालचा बिट १ असला आणि बाकी बिट नियमात बसले तर त्याला ती वैध एंट्री वाटते, आणि तो त्यात ॲक्सेस्ड बिट, म्हणजे पाचवा बिट, १ करून मोकळा होतो. दुसऱ्याच्या डेटात! मी असा बग पाहिलाय, एका स्ट्रक्चरमधल्या आठ बाइटच्या विषम आकड्यात मधूनच ३२ वाढलेले असायचे, कधीही त्याहून जास्त नाही, कधीही दुसरा बिट नाही. मेमरी खराब आहे म्हणून पट्ट्या बदलून झाल्या. शेवटी एका सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, 'पाचवा बिट म्हणजे काय असतं रे?' आणि खोलीत सगळे गप्प झाले. तेव्हा क्रम पक्का ठेवा: वरच्या टेबलातून दुवा काढायचा, मग फ्लश, आणि मगच पेज परत द्यायचं. यात फ्लश आणि परत देणं यांची अदलाबदल चालत नाही.

पाचवी जागा मोठं पेज फोडणं. सुरुवातीला सगळे २ मेगाबाइटची पेजेस वापरतात कारण सोपं असतं, नंतर टेक्स्ट, रीड-ओन्ली डेटा आणि बाकी डेटाला वेगळ्या परवानग्या द्यायच्या म्हणून त्याची ४ किलोबाइटची ५१२ करतात. नुसती एंट्री बदलली तर टीएलबीत एकाच पत्त्यासाठी मोठी आणि छोटी दोन्ही असू शकतात. एक्स८६ वर दोन्हींचा पत्ता आणि परवानग्या सारख्या असतील तर सहसा निभावतं, म्हणून लोक सवयीने करतात, पण इंटेलचं स्वतःचं मॅन्युअल सांगतं की आकाराबरोबर पत्ता किंवा परवानग्याही बदलायच्या तर आधी प्रेझेंट काढा, फ्लश करा, मग नवीन लिहा. २०१९ मध्ये जाहीर झालेला आयटीएलबी मल्टिहिटचा दोष तर नेमका याच प्रकारचा होता, कोडच्या पेजचा आकार फ्लशशिवाय बदलला की मशीन चेक (हार्डवेअर बिघाडाचं एक्सेप्शन) येऊ शकतो.

हे आर्म६४ वर आणलंत तर 'निभावतं' वगैरे विसरा. तिथे नियमच आहे, ब्रेक-बिफोर-मेक. वैध एंट्रीचा आकार, मेमरीचा प्रकार असलं काही बदलायचं तर आधी एंट्री अवैध करायची, डीएसबी (आधीचं काम पूर्ण होईपर्यंत थांबवणारी इन्स्ट्रक्शन), टीएलबीआय (टीएलबीतून एंट्री काढणारी), परत डीएसबी, आणि मगच नवीन वैध एंट्री. नाही पाळलं तर टीएलबी कॉन्फ्लिक्ट अबॉर्ट येऊ शकतो, किंवा काहीच न येता चुकीचा पत्ता मिळू शकतो. एका बोर्डावर आम्ही मोठा ब्लॉक फोडताना हे पाळलं नव्हतं, वीस-पंचवीस बूटमध्ये एखादा मरायचा, आणि डीबगर लावला की मरायचाच नाही. आता अडचण अशी की ज्या पेजवरून कोड चालतोय तेच अवैध कसं करणार? लिनक्सची युक्ती बघा, आर्म६४ ला दोन टेबल रजिस्टर असतात, टीटीबीआर० खालच्या अर्ध्यासाठी आणि टीटीबीआर१ वरच्या. कर्नलची टेबलं बदलायची तर कोड तेवढ्यापुरता टीटीबीआर० मधल्या आयडेंटिटी मॅपवरून चालवतात, टीटीबीआर१ ला एका रिकाम्या टेबलाकडे वळवतात, टीएलबीआय, डीएसबी, आयएसबी, आणि मग नवीन टेबल लावतात. मधल्या त्या क्षणी कर्नल मॅप केलेलाच नसतो आणि कोणाला काही फरक पडत नाही. मला ही रचना फार आवडते, कारण त्यात जुनं आणि नवीन एकत्र दिसायची फटच ठेवलेली नाही.

आर्मवर आणखी दोन गोष्टी. रीसेटनंतर टीएलबी रिकामा असेल असं धरू नका, एमएमयू (पत्ते ट्रान्सलेट करणारा भाग) चालू करायच्या आधी स्वतः टीएलबीआय करा, लिनक्स दर सीपीयूच्या सुरुवातीच्या सेटअपमध्ये हेच करतं. आणि टीएलबीआय लिहिलं म्हणजे झालं असं नाही, डीएसबी होईपर्यंत ते पूर्ण झालेलं नसतं आणि आयएसबी होईपर्यंत पुढच्या इन्स्ट्रक्शन्स जुन्या ट्रान्सलेशनने आधीच उचललेल्या असू शकतात. एक्स८६ वरून आलेल्या माणसाच्या हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण तिथे सीआर३ लिहिणं आणि इन्व्हएलपीजी स्वतःच सीरियलायझिंग असतात.

रिस्क-फाइव्हवर तर अजून एक सवय मोडावी लागते. तिथे सॅटप, म्हणजे सीआर३ सारखं रजिस्टर, लिहिल्याने फ्लश होत नाही, अजिबात नाही, फ्लशसाठी एसफेन्स.व्हीएमए ही इन्स्ट्रक्शन स्वतः द्यावी लागते. एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या छोट्या ओएसच्या रिस्क-फाइव्ह आवृत्तीत पेजिंग चालू करणारं फंक्शन तीन ओळींचं आहे, एसफेन्स, सॅटप, एसफेन्स. पहिला यासाठी की टेबलात आत्ता केलेलं लिखाण एमएमयूला दिसायला हवं, दुसरा शिळ्या एंट्रीजसाठी. दोन्ही वेगळ्या कामाचे आहेत, एक काढून चालत नाही. आणि अवैध एंट्रीसुद्धा लक्षात ठेवायची रिस्क-फाइव्हला मुभा आहे, म्हणजे 'रिकाम्या जागी भर घातली तर फ्लश नको' हा एक्स८६ वाला नियम इथे चालत नाही. लिनक्सचा तिथला बूटही वाचण्यासारखा आहे. आयडेंटिटी मॅप करतच नाहीत, ट्रॅप व्हेक्टरमध्ये (फॉल्ट झाला की सीपीयू जिथे जातो तो पत्ता) पुढच्या ओळीचा व्हर्च्युअल पत्ता भरून ठेवतात, ट्रॅम्पोलिनचं टेबल लावतात, सध्याचा फिजिकल पत्ता मॅप नसल्यामुळे पुढचीच इन्स्ट्रक्शन उचलताना फॉल्ट होतो आणि त्या फॉल्टनेच सीपीयू व्हर्च्युअल पत्त्यावर जाऊन पडतो. मग खरं टेबल लावून परत पूर्ण फेन्स, कारण ट्रॅम्पोलिनची मॅपिंग्ज फक्त पहिल्या सुपरपेजपुरतीच बरोबर असतात.

परत एक्स८६ वर येतो, बाकीचे सीपीयू उठवताना. प्रत्येकाचा टीएलबी स्वतःचा, बूट सीपीयूने फ्लश केलं म्हणजे त्यांचं झालं असं नाही. त्यांना रिअल मोडमधून वर येताना आयडेंटिटी मॅप लागतोच, आणि इथे बरेच जण कर्नलच्या मुख्य पीएमएल४ मध्ये ती एंट्री तेवढ्यापुरती परत लावतात आणि नंतर काढतात. मग ती जेवढा वेळ होती तेवढ्यात चालू असलेल्या प्रत्येक सीपीयूने ती उचललेली असू शकते, म्हणजे काढताना सगळ्या सीपीयूंवर फ्लश, म्हणजे शूटडाऊन, आलं. त्यापेक्षा ट्रॅम्पोलिनला वेगळं पीएमएल४ द्या, लिनक्सही तेच करतं. नवीन सीपीयू त्यावरून येतो, मुख्य टेबल लावतो, पीजीई उलटा-सुलटा करतो, झालं, बाकीच्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

आता तपासायचं कसं. क्यूएमयूच्या मॉनिटरमध्ये 'इन्फो टीएलबी' म्हणून कमांड आहे, नावावर जाऊ नका, ती पेज टेबल चालून मॅपिंग दाखवते, टीएलबीत खरोखर काय आहे ते नाही. शिळ्या एंट्रीच्या बगमध्ये नेमकं टेबल बरोबर असतं, म्हणून ती कमांड तुम्हाला सगळं ठीक आहे असंच सांगणार. संशय आला की मी सरळ प्रयोग करतो: संशयाच्या जागी ग्लोबलसकट पूर्ण फ्लश टाकायचा आणि बघायचं. बग गेला तर तो फ्लश तिथेच ठेवून मोकळं व्हायचं नाही, तो हळूहळू मागे सरकवत न्यायचा, कुठल्या ओळीच्या मागे गेल्यावर बग परत येतो ते बघायचं, ती ओळ म्हणजे एंट्री बदलणारी खरी जागा, तिथे नेमका हवा तेवढाच फ्लश लिहायचा.

आणि कायमस्वरूपी एक चाचणी बूटमध्येच ठेवा, मी ठेवतो. आयडेंटिटी मॅप असेपर्यंत पत्ता शून्य मुद्दाम एकदा वाचायचा म्हणजे तो टीएलबीत येईल, मग मॅप काढायचा, फ्लश, आणि परत वाचायचा, फॉल्ट आलाच पाहिजे, फॉल्ट हँडलरमध्ये त्या एका इन्स्ट्रक्शनचा पत्ता ओळखून पुढे ढकलायचं. तसंच रीड-ओन्ली डेटाच्या एका शब्दावर आधी लिहून, परवानगी काढून, परत लिहून बघायचं, मात्र सीआर० मधला डब्ल्यूपी बिट चालू आहे ना ते आधी बघा, तो बंद असेल तर कर्नल रीड-ओन्ली पेजवरही खुशाल लिहू शकतो आणि तुम्ही उगाच टीएलबीला दोष देत बसाल. फॉल्ट आला नाही तर तिथेच पॅनिक करायचं. ही चाचणी पेजिंगचा कोड बदलला की दर वेळी खऱ्या मशीनवर, केव्हीएमवर आणि केव्हीएमशिवाय अशी तिन्हीकडे चालवा, आणि तुमच्या बाबतीत आधी फक्त ग्लोबल बिट काढून एकदा, मग तो ठेवून पीजीई उलटा-सुलटा करून एकदा, असं दोनदा बूट करून बघा. फक्त बिट काढूनच गेला तर एंट्री तुमच्या टेबलातली होती. त्याने नाही गेला आणि पीजीईने गेला तर ती फर्मवेअरकडून आली होती, मग तो फ्लश एंट्री पॉइंटला, स्वतःचं टेबल लावल्यावर लगेच, हलवा.